गूळ, मीठ आणि लिटरभर पाणी

नांदेड-लातूरकडं वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढं आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा, मग खुशाली विचारायची, ही इथली जुनी रीत. रानात राबणाऱ्याला मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील मिळे. लातूरच्या बाजारात गुळाला तोटा नव्हता. शहरातला 'गूळ मार्केट' भाग आजही त्याच नावानं ओळखला जातो. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ कसं भरून काढायचं, हे या मुलखाला बाहेरून कुणी शिकवलं नाही.

जुलाब-वांत्या लागल्या की मात्र हेच शहाणपण उलटं फिरे. पोटात काही ठरत नाही, मग पाणी कशाला द्यायचं, असं म्हणून लेकराचं पाणीच तोडलं जाई. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत. याचा दोष एकट्या गावकऱ्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. एकोणिसाव्या शतकात युरोपातले नावाजलेले डॉक्टरही पटकीच्या रोग्याला रेचक देत आणि त्याचं रक्त काढत.

१८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी शिरेतून मिठाचं पाणी देऊन पाहिलं. पण त्याला सुई हवी, डॉक्टर हवा. तोंडावाटे पाजलेलं पाणी का टिकेल, याचं उत्तर १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांच्या मांडणीतून मिळालं. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. पटकीतही ही वाट उघडी राहते. एकटं पाणी किंवा एकटं मीठ पुरं पडत नाही, ते यामुळं.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रोग्यांसाठीच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा घालून ते नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. नातेवाइकांवर टाकलेला हा विश्वास औषधाइतकाच मोलाचा होता.

असाच विश्वास मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये दिसला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्य सेविका झाल्या. लेकराला जुलाब लागले तर पाणी तोडू नका, साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजा, हे आयांना पटवलं ते त्यांनी. डॉक्टरनं सांगितलं असतं तर ते औषध ठरलं असतं. शेजारणीनं सांगितलं म्हणून ते चुलीपर्यंत पोहोचलं.

आता याच साखर-मिठाच्या मिश्रणाची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी आशाताई घरी आणून देतात, सोबत १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या. पुडीत नसतं ते पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर. एका पुडीला स्वच्छ पाणी पुरं लिटरभर लागतं. कमी घातलं तर मीठ जास्त होऊन लेकराला अपाय होतो, आणि तयार केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावं लागतं. टँकरच्या वाऱ्यांवर दिवस काढणाऱ्या घरात हे दोन्ही नियम पाळणं सोपं नाही.