एका जोडशब्दाचा हिशेब

मंडळी, जोडशब्द मी आयुष्यभर शिकवले, पण ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ इतका हिशेबी जोडशब्द दुसरा पाहिला नाही.

१९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसनच्या डोक्याला मार बसला आणि तो गेला. त्याच्या बायकोने कामगार-भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. फुटबॉल हा म्हणे कॉलेजचा धंदाच नव्हे!

खेळाडू ‘नोकर’ ठरतील या धास्तीनेच आम्ही हा शब्द घडवला, असे एनसीएए या विद्यापीठीय क्रीडासंघटनेचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे लिहिले. विद्यार्थी म्हटला की पगाराचा प्रश्नच मिटला. हे बायर्स १९९५ च्या पुस्तकात या व्यवस्थेवरच तुटून पडले. (निवृत्तीनंतर बरेच जण मोकळे बोलतात!)

असो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरची बंधने ९-० ने बेकायदा ठरवली. २०२५ च्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. द्यावेतच, असे माझे मत. तिकिटे विकणाऱ्याने पोरांना हौसेचे धडे देऊ नयेत. मात्र डेनिसनच्या बायकोने जे मागितले होते ते वेगळेच. ‘कर्मचारी’ हा दर्जा त्या तडजोडीतही नव्हता.