गरज आणि ऐट : जीपपासून उंच मोटारीपर्यंत

अंधेरी-बोरिवलीकडील पश्चिम द्रुतगति मार्गावर किंवा घाटकोपर-मुलुंडकडील पूर्व द्रुतगति मार्गावर सायंकाळीं उभें राहिलें, तर उंच बांध्याच्या, रुंद चाकांच्या मोटारी डोळ्यांत भरतात. यांनाच ‘एसयूव्ही’ असें म्हणतात. २०२३-२४ या वर्षीं देशांत विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक या वर्गांतील होत्या. घरापासून कचेरीपर्यंत पक्क्या रस्त्यानेंच जाणाऱ्या कुटुंबाला एवढ्या उंचीची आवश्यकता आहे काय? आणि पंपावर साधें पेट्रोल सोडून अधिक दराचें पेट्रोल भरण्यांत कांहीं लाभ आहे काय? हे प्रश्न वरवर भिन्न दिसतात. परंतु दोहोंचें मूळ एकाच वाहनाच्या इतिहासांत सांपडतें.

तें वाहन म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याला चिखलांतून, वाळूंतून व डोंगरांतून धांवणारी एक हलकी गाडी हवी होती. १९४१ पासून विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. ही गाडी उंच होती, कारण पुढें रस्ता नव्हता. तिचीं चारही चाकें इंजिनाच्या जोरानें फिरत, कारण एखादें चाक चिखलांत रुतणार हें ठरलेलेंच होतें. तिच्या प्रत्येक अवयवामागें एकेक गरज होती. ऐटीचा तेथें संबंध नव्हता.

हिंदुस्थानांत ही गाडी आणण्याचें श्रेय मुंबईच्या एका पेढीकडे जातें. जे. सी. महिंद्र व के. सी. महिंद्र हे बंधु आणि गुलाम महंमद यांनीं १९४५ सालीं पोलादाच्या व्यापारासाठीं एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. माझगांव येथें विलिस जीपचे सुटे भाग जोडण्यास आरंभ झाला व पुढें कंपनीचा मोठा कारखाना कांदिवलीस उभा राहिला. तेथून निघालेली जीप पोलिसांकडे, पाटबंधाऱ्यांच्या कामांवर व जंगलखात्यांत गेली. पश्चिम महाराष्ट्रांत ‘वडाप’ म्हणून गांवोगांवची माणसें वाहूं लागली. जेथें रस्ता संपे, तेथें जीपचें काम सुरू होई. तिच्याच वंशांतील ‘स्कॉर्पिओ’ २००२ सालीं आली आणि रानांतलें वाहन शहराच्या दारांत प्रतिष्ठेनें उभें राहिलें.

आतां पेट्रोलाचा विचार करूं. इंजिनांत पेट्रोलाची वाफ व हवा यांचें मिश्रण दाबलें जातें आणि मग ठिणगीनें पेटतें. दाब फार झाला, तर त्याचा कांहीं भाग ठिणगीची ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच आपोआप भडकतो, आणि हातोडी मारल्यासारखा टक्‌टक्‌ आवाज येऊन इंजिनाची हानि होते. ही आपोआप भडकण्याची प्रवृत्ति रोखण्याची इंधनाची शक्ति ज्या अंकानें दाखवितात, तोच ऑक्टेन अंक. तो ना शुद्धतेचा अंक आहे, ना बळाचा. जुन्या जीपचें इंजिन मिश्रणास सुमारें साडेसहापटच दाबी. त्यामुळें हलक्या प्रतीचें पेट्रोलही तिला चाले. आजचीं अनेक इंजिनें दहापट किंवा अधिक दाबतात, म्हणून त्यांना वरचा अंक लागतो. परंतु इंजिनाला जेवढा अंक हवा, त्याहून अधिक अंकाचें पेट्रोल घातल्यानें साध्या गाडीचा वेग किंवा आयुष्य वाढत नाहीं. वाढतो तो केवळ खर्च.

अंक वाढविण्याच्या हव्यासाची किंमत जगानें एकदां मोजली आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यांना शिशाचें एक संयुग पेट्रोलांत मिसळल्यास ही टक्‌टक्‌ थांबते असा शोध लागला. परंतु तें शिसें धुरावाटें मुलाबाळांच्या रक्तांत गेलें. भारतांत तें २००० सालीं पेट्रोलांतून हद्दपार झालें. चेंबूरजवळ माहुल येथें १९५४-५५ च्या सुमारास उभारलेल्या दोन तेलशुद्धि-कारखान्यांनीं हीं सर्व स्थित्यंतरें पाहिलीं. बरींच वर्षें आपल्याकडील साध्या पेट्रोलाचा अंक ९१ होता. आतां त्यांत वीस टक्के इथेनॉल असतें. इथेनॉलचा स्वतःचा अंक वरचा असल्यामुळें मिश्रणाचा अंकही सुमारें ९५ पर्यंत चढला आहे. १०० अंकाचें पेट्रोल २०२० पासून मिळतें. परंतु तें मोजक्या उच्च दाबाच्या इंजिनांकरितां आहे. डिझेलच्या गाडीला तर या अंकाशीं कर्तव्यच नाहीं.

उंच गाडीच्या बाजूनें एक गोष्ट मात्र गंभीरपणें मांडली जाते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यांत अडकलेल्या बंद मोटारींतच कित्येकांचा अंत झाला. ती भीति खोटी नाहीं. घोटाभर पाण्यांत उंच गाडीचा उपयोग होतो, हेंही खरें. परंतु हवा ओढणाऱ्या नळींत पाणी शिरलें, कीं उंच गाडीही ठेंगण्या गाडीसारखीच बंद पडते. दर पावसाळ्यांत अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखालीं जातो. तेथें शहाणपण माघारी फिरण्यांत आहे, उंचीवर विसंबण्यांत नाहीं. शिवाय शहरांतील बहुतेक एसयूव्हींचीं दोनच चाकें इंजिनानें फिरतात. उलट, उंच नाकाच्या गाडीची धडक पादचाऱ्यास अधिक घातक ठरते, असें अमेरिकेंतील रस्ता-सुरक्षेच्या एका विमासंस्थेनें २०२३ सालीं दाखवून दिलें. ज्या उपनगरांत पदपथ फेरीवाल्यांनीं व्यापलेले असून शाळेंतलीं मुलें रस्त्यानेंच चालतात, तेथें या गोष्टीचा विचार गाडी घेणाऱ्यानें केलाच पाहिजे.

मोठ्या कुटुंबाला, गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना किंवा कोंकणांतील कच्च्या वाटेनें वारंवार गांवीं जाणाऱ्याला उंच गाडी सोयीचीच आहे. गाडी घेण्यापूर्वीं रोजची वाट पाहावी आणि पेट्रोल भरण्यापूर्वीं गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका उघडावी. तींत लिहिलेला अंक तोच योग्य अंक. जीप जगभर नांवाजली, ती तिच्यांत अनावश्यक असें कांहीं नव्हतें म्हणून. तिच्या वंशजांची निवड करतांना तीच कसोटी लावणें, हाच तिचा खरा सन्मान होय.