ईशकृपा आणि आज्ञापालन : वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रावरून काही विचार

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे परमेश्वराने केलेल्या उपकारांचा हिशेब मांडण्याचा दिवस होय. अशा समयी मनुष्याचे लक्ष स्वभावतःच डोळ्यांस दिसणाऱ्या गोष्टींकडे जाते. देऊळ उभे राहिले, शाळा वाढली, वाड्यांना पाणी मिळाले, मुलेबाळे शिकून मार्गास लागली, हे सर्व देवाच्या कृपेनेच झाले असे आपण म्हणतो, आणि ते यथार्थही आहे. तथापि एवढ्यावर थांबल्यास एक मोठी अडचण उभी राहते. ज्याचे पीक बुडाले, ज्याच्या घरी अकाली मृत्यू आला, त्याच्यावरून देवाची कृपा उठली असे समजावे काय? हा प्रश्न आम्हांस अनेक घरांतून, विशेषतः रोग्यांच्या उशाशी, विचारला गेला आहे. त्याचे उत्तर नुसत्या उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे, आणि तोही आपल्याच भूमीतील असावा, म्हणून या लेखात आम्ही वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पवित्र शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. ज्यांच्यावर देवाची कृपादृष्टी झाली असे शास्त्रात म्हटले आहे, त्यांच्या हाती त्या कृपेसोबत एक आज्ञाही आलेली दिसते. अब्राहामास आशीर्वाद मिळाला तो घरदार सोडण्याच्या आज्ञेसह. नाझरेथच्या कुमारीस देवदूताने कृपेची पूर्णता कळविली, आणि तिने आपणांस दासी म्हणवून होकार दिला. परंतु त्याच कृपावंत मातेस पुढे मंदिरात वृद्ध शिमोनाने अंतःकरण भेदणाऱ्या तलवारीची वार्ता सांगितली. शौल राजाने लुटीतील उत्तम जनावरे यज्ञासाठी राखून ठेवली, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यास बजाविले की देवाला बळीपेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे. सारांश, कृपा म्हणजे संकटापासून मिळालेली सूट नव्हे. देव ज्यास जवळ करतो त्यास कामास लावतो, असेच म्हणावे लागते.

आता आपल्या वसईकडे वळू. इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढे येथे फ्रान्सिस्कन व जेझुइट या संघांचे धर्मगुरू आले, किल्ल्यात मठ व देवळे उभी राहिली, पाठशाळा निघाल्या. अशा काळात, सुमारे १५५७ साली, गोन्सालोचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता याच भूमीची कन्या. बालपणी त्यास जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण मिळाले, आणि तो वयाने लहान असतानाच त्यांच्याबरोबर जपान देशी गेला. तेथे तो जपानी भाषा इतकी उत्तम शिकला की लोकांत सहज मिसळू लागला, आणि धर्मशिक्षक या नात्याने त्याने सुमारे आठ वर्षे मिशनची सेवा केली.

जेझुइट संघात आपणांस प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. ज्या दारासमोर आठ वर्षे सेवा केली ते दार उघडले नाही, याचे दुःख लहान नव्हे. अशा प्रसंगी कित्येकांचा विश्वास ढळतो, कित्येक धर्मगुरूंवर रुष्ट होऊन देवळाची पायरी सोडतात. गोन्सालोने तसे काही केले नाही. तो व्यापारात पडला, आणि व्यापारात त्यास यश आले. जगाच्या दृष्टीने पाहिले तर देवाची कृपा त्याच्यावर आत्ता कोठे झाली. परंतु त्याच्या अंतःकरणास त्या पैशाने समाधान लाभले नाही. फिलिपीन बेटांतील मनिला शहरी फ्रान्सिस्कन संघाशी त्याचा परिचय झाला, आणि भरभराटीचा धंदा सोडून त्याने त्या संघात बंधू म्हणून प्रवेश केला. हे पद याजकाचे नव्हे. संघात बंधूने वरिष्ठ सांगतील ते काम करावे, हाच नियम होता.

इ. स. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याजकडे वकील पाठविण्याचे ठरविले. या कामी फादर पेद्रो बाप्तिस्ता यांची निवड झाली, आणि त्यांचा दुभाष्या म्हणून बंधू गोन्सालो निघाला. दुभाष्याचे काम कसे असते याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्याने आपले बोलायचे नसते. दुसऱ्याचे शब्द न वाढविता, न घटविता पोहोचवायचे असतात, मग ऐकणारा सत्ताधीश रागीट का असेना. हिदेयोशीने फिलिपीन बेटांनी आपल्यास शरण यावे अशी मागणी केली होती, आणि अशा मनुष्यासमोर उभे राहून बोलणे जिवावरचे होते. जपान सोडून गेलेला हा वसईकर ज्या भाषेच्या बळावर परत आला, ती भाषा तो त्या न उघडलेल्या दारासमोरच शिकला होता! देवाने त्याची आठ वर्षे वाया घालविली नव्हती. हिदेयोशीने या मंडळीस मियाको, म्हणजे हल्लीचे क्योतो, या नगरात राहण्याची परवानगी दिली. तेथे त्यांनी देवळाबरोबर कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले.

येथे एक नाजूक विषय आहे. तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. इ. स. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे मिशनकार्य केवळ जेझुइट संघाकडे सोपविले होते. म्हणून फ्रान्सिस्कनांचे येणे आज्ञेविरुद्ध आहे, असे जेझुइटांचे म्हणणे पडले. फ्रान्सिस्कनांनी आपल्यासही आधार आहे असे मानले. दोन्ही पक्षी सज्जन व देवभीरू पुरुष होते, आणि दोघेही आपण आज्ञेतच आहो असे समजत होते. आपल्या धर्मग्रामांतही मंडळामंडळांत असे वाद पडतात, तेव्हा या इतिहासाचे स्मरण ठेवावे. त्या वादाचा निकाल कागदावर लागण्यापूर्वीच देवाने आपला निकाल एका टेकडीवर दिला.

तो असा. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील मौल्यवान माल सरकारजमा झाला, आणि मिशनरी हे स्पेनच्या स्वारीचे अग्रदूत आहेत असा संशय दरबारात बळावला. मिशनऱ्यांविरुद्धचा हुकूम १५८७ पासूनच होता; आता तो अमलात आला. डिसेंबरमध्ये पहारे बसले. जानेवारी १५९७ मध्ये चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची क्योतोच्या रस्त्यांतून धिंड काढण्यात आली. मग भर हिवाळ्यात त्यांस नागासाकीकडे चालविले. ती वाट सुमारे महिनाभराची होती. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांस पकडले, आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट व सतरा जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. लुईस इबाराकी हा तर बारा वर्षांचा मुलगा. धर्म सोडल्यास तुला जीवदान देऊ असे अधिकाऱ्याने सांगितले असता त्याने ते नाकारले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका ओळीत उभे केले गेले. बंधू गोन्सालो टेकडीवर सर्वांच्या पुढे पोहोचला, आपला क्रूस कोणता हे विचारून तो त्यापुढे गुडघे टेकून त्यास कवटाळता झाला, असे वृत्तान्तात सांगितले आहे. जेझुइट बंधू पाउलो मिकी याने क्रूसावरून शेवटचे प्रवचन केले व मारेकऱ्यांस क्षमा केली. नंतर भाल्यांनी सर्वांची छाती भेदण्यात आली. ज्या दोन संघांत वाद होता त्यांचे पुत्र एकाच ओळीत टांगले होते, आणि ज्या गोन्सालोस जेझुइट संघात जागा मिळाली नव्हती त्यास जेझुइटांच्या ओळीतच क्रूस मिळाला.

कोणी विचारील, या लोकांनी तर राजाज्ञा मोडली. मग त्यांस आज्ञाधारक कसे म्हणावे? उत्तर सोपे आहे. राज्यकर्त्याचा मान राखणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच होय. परंतु राजा जेव्हा देवास नाकारावयास सांगतो, तेव्हा मनुष्यापेक्षा देवाचे ऐकावे हे प्रेषितांनी यरुशलेमच्या न्यायसभेपुढे कधीच सांगून ठेवले आहे. दुसरे कोणी विचारील, आज्ञा पाळून कृपा विकत घेता येते काय? नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट केले आहे की पहिले पाऊल देवाच्या कृपेचेच असते, आपल्या पुण्याईमुळे ते पडत नाही. मनुष्याने त्या कृपेस साथ द्यायची असते. पाऊस शेतकरी पाडीत नाही, परंतु बांध घालून पाणी अडविणे त्याच्या हाती आहे. आज्ञापालन हा तो बांध होय.

पुढील इतिहासही बोधप्रद आहे. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये गोन्सालोस व त्याच्या फ्रान्सिस्कन सोबत्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांस संतपदी चढविले. जपानात मात्र १६१४ च्या बंदीनंतर ख्रिस्ती धर्म जमिनीखाली गेला. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, अशा स्थितीत बाप मुलास बाप्तिस्मा व प्रार्थना देत राहिला. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा देवळात, जे याच सव्वीस रक्तसाक्षींस अर्पण केलेले आहे, काही खेडूत स्त्रीपुरुषांनी फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितले की आमचा धर्म तुमचाच आहे. अडीचशे वर्षांचे ते आज्ञापालन होते! आणि तरीही ९ ऑगस्ट १९४५ रोजी त्याच नागासाकीच्या उराकामी भागावर अणुबाँब पडून हजारो कॅथोलिक मरण पावले व त्यांचे कॅथेड्रल नष्ट झाले. कृपेस सुखाच्या तराजूत तोलणाऱ्याने या दोन तारखा शेजारी ठेवून विचार करावा.

आपल्या वसईचेही तसेच आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला सर केला, पोर्तुगीज निघून गेले, आणि किल्ल्यातील थोर मठ व देवळे ओस पडली. परंतु गावोगावी कुळंबी, कोळी, सामवेदी व इतर ख्रिस्ती लोकांनी श्रद्धा सोडली नाही. पराक्रमाने बांधलेल्या भिंती पडल्या. आईने मुलास शिकविलेला क्रूसाचा खूण मात्र टिकला. त्याच विश्वासावर १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

तेव्हा, प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, ज्याच्या घरी या महोत्सवाच्या वर्षी दुःख आले असेल त्याने देवाने आपणांस टाकले असे समजू नये. जे दार बंद झाले त्यासमोर शिकलेली भाषा देव पुढे कोठे वापरील हे आज कळत नाही. आपल्यास एवढेच कळते की आज कोणते कर्तव्य समोर आहे : रोग्याची सेवा, भावाशी समेट, रविवारची मिस्सा, मुलांची प्रार्थना. ते करावे, आणि फळ त्याच्यावर सोडावे. जो मरणापर्यंत, क्रूसावरील मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला, तो प्रभू येशू ख्रिस्त आपल्या धर्मग्रामास हीच कृपा देवो, आणि संत गोन्सालो आपल्या वसईकर भावंडांसाठी विनंती करोत. आमेन.