मोहोळचा रस्ता, जुने इंजिन आणि स्पार्क प्लगवरचा आकडा

१/ पुणे-सोलापूर महामार्गावरील मोहोळसारख्या गावात जुनी स्कूटर, बुलेट किंवा पेट्रोलवर चालणारी जीप चालती ठेवणाऱ्या मालकापुढे एक लहानसा प्रश्न हमखास येतो. इंजिनातून काढलेल्या प्लगवर ‘डब्ल्यू १७५’ असे कोरलेले असते आणि दुकानातल्या खोक्यावर ‘डब्ल्यू ७’. हे दोन्ही एकच का? उत्तर चुकले तर पिस्टनला भोक पडू शकते. हे उत्तर दडले आहे इतिहासात. (थ्रेड)

२/ योगायोग असा की दोन कथांचा आरंभ एकाच वर्षी होतो. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ मोहोळवरून सोलापूरला पोहोचले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार याने वायूवर चालणारे इंजिन सिद्ध केले. त्यात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी वापरली होती. मोहोळला वाफेचे युग अवतरत असतानाच त्याच्या उत्तराधिकाऱ्याचा जन्म होत होता.

३/ ठिणगी मात्र लवकर भरवशाची झाली नाही. गॉटलीब डाइमलरच्या आरंभीच्या इंजिनांत तापवून लाल केलेल्या नळीने इंधन पेटवले जाई. हा प्रश्न सुटला तो श्टुटगार्टमध्ये. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली तेथे कार्यशाळा उघडली होती. त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. आजचा प्लग त्याच घराण्यातला.

४/ प्लगचे काम केवळ ठिणगी पाडण्याचे नव्हे. त्याला स्वतःचे तापमानही सांभाळावे लागते. टोक साधारण ४५० अंशांपेक्षा थंड राहिले तर त्यावर काजळी साचते आणि ठिणगी भरकटते. ते साधारण ८५० अंशांपलीकडे गेले तर निखाऱ्यासारखे तापून ठिणगीची वाट न पाहता स्वतःच इंधन पेटवू लागते. पिस्टन जळतो तो याच अवस्थेत.

५/ म्हणून प्लग ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा प्रकारांत बनतात. आतील चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर हेडमध्ये उतरते. तो थंड प्लग. येथे एक गैरसमज टाळायला हवा. थंड प्लग इंजिन थंड करत नाही, तो केवळ स्वतः थंड राहतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो म्हणून थंड प्लग लावण्यात अर्थ नाही. ज्वलनकक्षातील ज्वाळेपुढे बाहेरच्या दोन-चार अंशांचे मोल नगण्य असते. महत्त्व असते ते इंजिनाच्या रचनेला आणि त्यावर सतत पडणाऱ्या भाराला.

६/ हे ज्ञान महाराष्ट्रात आले ते आयात मालासोबत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. सुटे भाग परदेशातून येत, प्लगही तसेच. स्वदेशी मोटारीचे स्वप्न ज्यांनी पाहिले, त्यांतील एक अग्रणी सोलापूरचा सुपुत्र होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला.

७/ वालचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कारखान्यातून फियाट आणि मग ‘पद्मिनी’ आली. मात्र मोटारीची जुळणी करणे सोपे आणि तिचा एकेक भाग देशात बनवणे कठीण होते. १९५३ साली टॅरिफ कमिशनने देशी उत्पादनाचा आग्रह धरला, तेव्हा केवळ जुळणी करणारी जनरल मोटर्स निघून गेली.

८/ याच काळात बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी बंगळुरूत उभी राहिली. वर्ष १९५१. तिच्या आद्याक्षरांचे ‘मायको’ हे नाव भारतभरच्या गॅरेजांत प्लगचे जणू दुसरे नाव ठरले. प्लग देशात बनू लागला, पण त्यावरची लिपी जर्मनच राहिली.

९/ स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभली. १९७२ साली आकुर्डीहून बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. शेतकरी, शिक्षक, दूधवाला यांच्या हाती इंजिन आले ते या वाहनांमुळे. मोहोळहून पंढरपूरकडे आणि वैरागकडे फुटणाऱ्या रस्त्यांवर, पुणे कितीतरी दूर असताना, वाहन चालू ठेवण्याची भिस्त गावातल्या मिस्त्रीवर होती. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. तेव्हा हा सारा इतिहास पेट्रोलचा.

१०/ आता ती लिपी वाचू. ‘डब्ल्यू १७५ टी १’ यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे १४ मिमी व्यासाचे आटे. ‘टी १’ म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी, ‘टी २’ म्हणजे १९ मिमी. मधला १७५ हा उष्णतामानाचा आकडा. चाचणीच्या इंजिनात प्लग अतितप्त होईपर्यंत किती टिकाव धरतो, यावरून तो ठरे. म्हणून आकडा मोठा तितका प्लग थंड. २२५ हा १७५ पेक्षा थंड, १४५ त्याहून गरम.

११/ पुढे बॉशने मोजणीच उलटी केली. १४५ चा झाला ८, १७५ चा ७, २२५ चा ५. आता आकडा लहान तितका प्लग थंड. जपानच्या एनजीकेची (स्थापना १९३६) रीत याच्या विरुद्ध : आकडा मोठा तितका थंड. अमेरिकेच्या चॅम्पियनची पुन्हा उलट : आकडा मोठा तितका गरम. परिणामी जवळजवळ एकाच उष्णतामानाचा प्लग बॉशकडे ७, एनजीकेकडे ६ आणि चॅम्पियनकडे ९ असू शकतो.

१२/ मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचयाची वाटेल. शिवराज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला. हा आकडा कोणी इसवी सन समजून वाचला, तर १६३० साली जन्मलेल्या महाराजांचा राज्याभिषेक जन्माआधीच होऊन बसेल. शके, फसली, सुहूर, इसवी : कोणता आकडा कोणत्या गणनेतला, हे आधी ठरवावे लागते. प्लगच्या बाबतीतही पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कोणाचा?’ हा आहे.

१३/ समजा, बॉशचा ५ क्रमांकाचा प्लग लागणाऱ्या इंजिनात कोणी ‘मोठा आकडा म्हणजे थंड’ या जुन्या समजुतीने ७ बसवला. त्याला वाटेल आपण सुरक्षित बाजूला आहोत. प्रत्यक्षात त्याने अधिक गरम प्लग लावलेला असतो, आणि भरल्या गाडीचा लांब पल्ला त्या इंजिनाचा शेवटचा ठरू शकतो.

१४/ आट्यांची लांबी तर याहून निर्दय. एनजीकेच्या खुणेत ‘एच’ म्हणजे १२.७ मिमी आणि ‘ई’ म्हणजे १९ मिमी. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग सहज फिरत जातो आणि त्याचे टोक पिस्टनवर आदळू शकते. उलट केले तर ठिणगी भोकाच्या आतच दडून राहते आणि हेडचे उघडे आटे काजळीने भरतात. वेस्पाच्या घराण्यातील जुन्या स्कूटरना साधारणतः आखूड प्लग लागतो.

१५/ जुन्या मिस्त्रींची खरी विद्या रंगवाचनाची. प्लग काढावा, टोक पाहावे : काळे म्हणजे पेट्रोल अधिक, तपकिरी म्हणजे योग्य, पांढरे म्हणजे हवा अधिक किंवा ताप अधिक. पण हा रंग ज्या पेट्रोलचा होता, ते पेट्रोलच आता उरलेले नाही. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने शोधलेले शिशाचे मिश्रण जगभर पेट्रोलमध्ये घातले जाई आणि त्याचा थर चिनी मातीवर बसे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिसेविरहित पेट्रोलवर निरोगी प्लगही पूर्वीपेक्षा फिकट दिसतो.

१६/ दुसरे स्थित्यंतर उसाच्या फडातून आले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले. त्यांतील दोन ठिकाणे महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या सोलापूर जिल्ह्यात या इंधनाचा कच्चा माल शिवारातच उभा असतो.

१७/ पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. आधुनिक गाडीचा संगणक हा फरक सावरून घेतो. जुन्या कार्बोरेटरचे जेट मात्र पूर्वीच्याच इंधनाच्या हिशेबाने छिद्रलेले. त्यामुळे मिश्रणात हवा अधिक ठरते आणि प्लग पांढुरका दिसतो. अशा वेळी मोह होतो तो थंड प्लग लावण्याचा. हा उपाय चुकीच्या जागी आहे. आधी जेट आणि हवेचा स्क्रू पाहावा. प्लग आजाराची नोंद ठेवतो. नोंद बदलून आजार बरा होत नाही.

१८/ तेव्हा जुन्या इंजिनासाठी प्लग निवडण्याचा क्रम असा :
अ) मूळ माहितीपुस्तिकेतला क्रमांक शोधावा. इंजिनात सापडलेला प्लग मूळचाच असेल असे नाही.
आ) कंपनी पाहावी, मग आकडा वाचावा.
इ) जुना आणि नवा प्लग शेजारी ठेवून आट्यांचा व्यास व लांबी ताडावी.
ई) पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या इग्निशनची ठिणगी दुबळी असते, गॅप फिलर गेजने पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा, नव्या गाड्यांइतका वाढवू नये.
उ) काही दिवस नेहमीच्या भाराने चालवून मगच रंग पाहावा.

१९/ २००८ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले आणि ‘मायको’ हळूहळू खोक्यांवरून पुसले गेले. १७५ म्हणजे ७ हे ज्या मिस्त्रींना मुखोद्गत आहे, त्यांची पिढी आता निवृत्त होत आहे आणि त्यांची विद्या कागदावर फारशी उतरलेली नाही. गावात असा एखादा जाणता मिस्त्री असेल, तर त्याच्या तोंडचे जुने क्रमांक, गाडीच्या नावासह, वहीत उतरवून घ्यावेत.

(समाप्त)