वाटाण्याचा वेल आणि कलेचे भांडवल

नाट्यमंडळे, गायनसमाज व वाचनालये यांचे चालक अलीकडे आम्हांला एकच प्रश्न वारंवार विचारतात : डिजिटल प्रयोगांसाठी अनुदान मिळते म्हणतात, त्याचा अर्ज लिहावा कसा? प्रश्न नव्या काळाचा खरा. पण नवे यंत्र हाती धरून भांडवलासाठी दारोदार हिंडणारा कलावंत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. म्हणून अर्जाचे नमुने चाळण्यापूर्वी आपण थोडे इतिहासाकडे वळू.

१९११ साली दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती. छापखान्याची भागीदारी मोडलेली, हाती पैसा नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथील चित्रगृहात काम कसे चालते ते पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन परतले. यंत्र आले, पण त्यावर चित्रपट काढायला भांडवल कोण देणार?

येथे फाळक्यांनी जे केले ते प्रत्येक अर्जदाराने ध्यानात ठेवावे. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करीत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणार्धात दिसू लागली : बी फुटते, कोंब वर येतो, वेल पसरतो! ही फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्यातून कर्ज द्यायला माणूस उभा राहिला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी लागले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

वाटाणाच का? हरिश्चंद्राची कथा चांगली की वाईट, ही शंका सावकाराला नव्हतीच. शंका एवढीच, की या माणसाच्या हातून हे यंत्र चालेल काय? फाळक्यांनी नेमक्या त्याच शंकेचे उत्तर दिले, आणि तेही अल्प खर्चात. आमच्या संस्थांचे अर्ज मात्र पुष्कळदा याच्या उलट असतात. आरंभी संस्थेचा गौरवशाली इतिहास, मग यंत्रांची लांबलचक यादी, आणि ती कशासाठी हवीत याला शेवटी दोन ओळी.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. २५ जून २००९ रोजी लंडनच्या नॅशनल थिएटरने 'फेद्र' हे नाटक रंगमंचावरून थेट चित्रपटगृहांत दाखवले. नाटक पडद्यावर गेले तर नाट्यगृह ओस पडेल, अशी भीती होती. नेस्टा या संस्थेने प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा ती भीती खरी ठरली नाही; उलट चित्रपटगृहातील प्रेक्षकांनी आपण नाटकात अधिक गुंतलो असे सांगितले. प्रयोगाला मोजमापाची जोड मिळाली म्हणजे धाडसाचे ज्ञान होते, ते असे.

पुढे नेस्टा, आर्ट्स कौन्सिल इंग्लंड आणि कला व मानव्यविद्या संशोधन परिषद यांनी मिळून ७० लाख पौंडांचा निधी उभारला व तो २०१२ ते २०१५ या काळात चालवला. त्याची मुख्य अट आम्हांला फार शहाणपणाची वाटते : कलासंस्था, तंत्रज्ञ आणि संशोधक या तिघांनी एकत्र यावे, आणि जे कळेल ते इतरांनाही सांगावे. म्हणजे निधी यंत्रासाठी नव्हता, प्रश्नाच्या उत्तरासाठी होता.

पण भागीदारी सोपी नसते, हेही फाळक्यांच्याच चरित्रात दिसते. १९१८ साली भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला, त्याबरोबर मतभेदही आले, आणि फाळके कंपनी सोडून काही काळ काशीला जाऊन राहिले. तेव्हा चित्रीकरणाचे हक्क कोणाचे, निर्णय कोणाचा, तंत्रज्ञ सोडून गेला तर सामग्री कोणाकडे, हे पैसा हाती येण्याआधी कागदावर उतरवावे. मागाहून ते स्नेहानेही ठरत नाही आणि भांडणानेही नाही.

आणखी एक गोष्ट. फाळक्यांच्या घरी कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच रांधीत. हा खर्च कोणत्याही भांडवलात धरलेला नव्हता. आजही अनुदानातून कॅमेरा येतो, संगणक येतो; पण रोज रात्री ध्वनिमुद्रणे नीट लावून ठेवणारा, वर्षे उलटल्यावरही ती उघडतात की नाही हे पाहणारा कार्यकर्ता हिशेबात नसतो. मुदत संपते, तो थकतो, आणि यंत्रावर धूळ बसते. आमचे सांगणे एवढेच : अर्जात त्या माणसाच्या श्रमाचा रकाना आधी भरा, यंत्राचा मागून. आणि अर्ज लिहायला बसण्यापूर्वी कुंडीत एखादा वाटाणा अवश्य पेरा.