तोंडाने ओढलेली नळी

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, शिरूर तालुक्यात सणसवाडी लागते. या शेतीच्या गावाभोवती आज कारखान्यांची रांग आहे. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराची त्या कामावर नेमण्याआधी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. रसायनांपासून कामगाराला जपण्याचा हा एक मार्ग होता. पण कामगाराचे रक्त तपासणारा टेक्निशियनही दिवसभर रसायनेच हाताळत असे. पॅथॉलॉजी लॅब म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे त्या कायद्याचे छत्र त्याच्या डोक्यावर आले नाही.

त्या टेक्निशियनचे काम कसे चाले?

हिमोग्लोबिन पाहण्याची जुनी साहली पद्धत घ्या. बोटाला टोचून आलेले ०.०२ मिलिलिटर रक्त बारीक नळीत ओढायचे, तेही नळीला जोडलेल्या रबरी नळीचे टोक तोंडात धरून. मग ते हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचे. खुणेच्या वर ओढले गेले तर रक्त तोंडाकडे सरके. आम्ले आणि इतर द्रावणेही अशीच तोंडाने ओढली जात. पिपेट तोंडाने ओढताना झालेल्या संसर्गाची पहिली नोंद १८९३ ची आहे. एका डॉक्टरच्या तोंडात विषमज्वराचे जंतू गेले होते. तरीही ही सवय पुढे कित्येक दशके जगभर टिकली.

साहलीपेक्षा अचूक म्हणून ड्रॅबकिन द्रावण आले. त्यात पोटॅशियम सायनाइड असते. प्रमाण अगदी कमी, लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम, पण आम्लाशी गाठ पडली की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. म्हणून हे द्रावण आणि आम्ल एकाच मोरीत ओतू नये, असा दंडक आहे. रक्तातील साखरेसाठी ऑर्थोटोल्युइडिन वापरत. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवलेले हे द्रव्य नमुन्यासह उकळत्या पाण्यात ठेवले की हिरवा रंग येई आणि नाकाला झोंबणाऱ्या वाफा निघत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य आता माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. क्रिएटिनिनच्या तपासणीतले पिक्रिक ॲसिड ओले असेतो निरुपद्रवी दिसते, सुकले की स्फोटक होते.

‘जपून काम करा’ एवढ्या सूचनेने हे धोके हटले नाहीत. काम करण्याची रीत बदलली, तेव्हा ते कमी झाले. १९५७ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिख श्निटगर यांनी अंगठ्याने दाबून चालणारी मायक्रोपिपेट बनवली आणि तोंडाची गरजच संपवली. साखरेसाठी विकरांवर चालणारी जीओडी-पीओडी पद्धत आली आणि ऑर्थोटोल्युइडिन मागे पडले. हिमोग्लोबिनसाठी सायनाइड नसलेली द्रावणे रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रांत आली.

उरलेल्या रसायनांचे काय, हा प्रश्न देशाच्या कायद्यात उशिरा आला. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिले गेले. टाकाऊ रसायने पिवळ्या गटात गेली आणि प्रयोगशाळेतील कचरा जागेवरच निर्जंतुक करणे सक्तीचे झाले. त्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइटही सांभाळावे लागते, कारण ते आम्लात मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. सणसवाडीपुढे, रांजणगाव एमआयडीसीत कारखान्यांच्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामाईक केंद्र आहे. शेजारच्या छोट्या लॅबमधल्या रसायनाच्या अर्ध्या बाटलीलाही तितकीच शिस्त हवी. तपासणीच्या बहुतेक किटमधली सूचनापत्रके बारीक टायपातल्या इंग्रजीत असतात. त्यातील धोक्याच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, कामाच्या ओट्यासमोर लावणे प्रत्येक लॅबमालकाला आजच जमण्यासारखे आहे.