ओर्ताच्या बागेतली अळमी

श्रावणातल्या एका सकाळी पणजीत काम होते आणि बस जरा लवकरच पोहोचली. कचेऱ्या उघडायला अवकाश होता, म्हणून चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात शिरलो. रात्रभर पाऊस. बाके ओली, तेव्हा फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. दयाळ गवतातले किडे टिपत होता. वाटेवर वाणी किडा होता. काडी लावताच त्याचे वेटोळे झाले. एका जुन्या बुंध्याला कडक बशांसारखी भूछत्रे थरावर थर चिकटली होती आणि त्याच्या मुळाशी, वाळवीने वर काढलेल्या मातीतून, चार-पाच पांढऱ्या छत्र्या डोकावत होत्या.

मी वाकलो तसा माळी म्हणाला, "बाब, तीं खावपाचीं न्हय."

त्याचे खरेच होते. नीट ओळख पटल्याशिवाय भूछत्र तोंडात घालू नये. पण त्याने खराट्याने सगळी झाडूनच टाकली, तेव्हा मात्र चुटपुट लागली. आमच्या आजीने रोंयणीवरची अळमी खुडली, रोंयण कधी मोडली नाही. वारूळ म्हणजे सांतेर, तिला हात कसा लावायचा? त्या श्रद्धेत शहाणपण होते. वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते आणि ती बुरशी पावसात अळमी होऊन वर येते. माणसाला ही अळमी अजून लागवडीने पिकवता आलेली नाहीत. वारूळ गेले की तोणाकही गेले!

आता या बागेच्या नावाविषयी. पोर्तुगीजमध्ये ओर्ता म्हणजे भाजीमळा, त्यामुळे लहानपणी मी हे नाव मळ्याचेच समजत असे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 साली गोव्यात आला. त्याचा वनौषधींवरचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो रुआनो नावाच्या काल्पनिक पाहुण्याशी बोलतो, दासी अंतोनिया फळे आणून देते, मालूपा नावाचा हिंदू वैद्यही येतो. मला या ग्रंथाचे मोल वाटते ते त्यातल्या नावांसाठी. फणसाला मलबारी लोक जाका म्हणतात, इकडचे लोक पणस म्हणतात, हे तो नोंदवतो. युरोपातल्या जुन्या पंडितांपेक्षा त्याने बाजारातल्या माणसाला विचारणे पसंत केले. चारच वर्षांनी, 1567 साली, क्लूसियसने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि आमची झाडे युरोपभर पोहोचली.

पण ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांच्या पोटचा. ग्रंथ निघाला तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन येऊन तीन वर्षे झाली होती. तो 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. 1580 साली खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. म्हणजे ज्याच्या नावाची बाग आहे त्याची समाधी या भूमीत कुठेच नाही. तो राहिला जुन्या गोव्यात. त्याच्या काळी पणजी हे लहानसे गाव होते.

माळ्याला विचारले, हा ओर्ता कोण? म्हणाला, कोणी पोर्तुगीज मोठा माणूस असेल. मग थोडी गोष्ट सांगितली. खराटा टेकून त्याने ती ऐकून घेतली आणि विचारले, "हाडां कित्याक जाळ्ळीं?"

उत्तर द्यायला बराच वेळ लागला. कचेरीत पोहोचलो तेव्हा रांग दारापर्यंत आली होती.